शेवटच्या घाटाचा मानकरी

१ जून १९५३ ची सकाळ. उत्तर इटलीतील बोल्झानो शहरातून ‘जिरो द’इटालिया’ या सायकल शर्यतीचा शेवटून दुसरा टप्पा सुटण्याच्या बेतात होता. तीन आठवड्यांची दौड संपत आली होती. स्वित्झर्लंडचा देखणा, उमदा ह्यूगो कोब्लेट गुलाबी जर्सी घालून आघाडीवर होता आणि त्याच्यामागे १ मिनिट ५९ सेकंदांवर होता फाउस्तो कोप्पी. वय ३३. शर्यत कोब्लेटने जिंकल्यातच जमा आहे, असे जाणकारांनी ठरवून टाकले होते. खुद्द कोप्पीनेही जवळपास तसे मान्य केले होते. पण त्या दिवशीच्या वाटेवर एक नवी गोष्ट होती. स्टेल्व्हिओचा घाट जिरोच्या इतिहासात प्रथमच शर्यतीच्या मार्गात आला होता. उंची समुद्रसपाटीपासून २,७५८ मीटर, चढाच्या बाजूला ४८ वळणे आणि दोन्ही कडांना जूनमध्येही न वितळलेले बर्फ. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर म्हणून आपल्या अकोले तालुक्यातील ज्या कळसूबाईचा आपण अभिमान बाळगतो, ते १,६४६ मीटर उंचीचे आहे. त्याच्याही माथ्यावर आणखी अकराशे मीटर चढवावेत, तेव्हा कुठे स्टेल्व्हिओचा रस्ता गाठता येईल, तोही सायकलवरून.

असे सांगतात, की टप्पा सुरू होण्यापूर्वी कोप्पीचा सहकारी एत्तोरे मिलानो छायाचित्र काढण्याच्या निमित्ताने कोब्लेटजवळ गेला आणि त्याला काळा चष्मा काढायला लावून त्याचे डोळे निरखून आला. डोळे थकलेले होते. एवढी बातमी कोप्पीला पुरेशी होती. घाटाचा माथा सुमारे अकरा किलोमीटर उरला असताना त्याने वेग वाढवला आणि कोब्लेट मागे पडत गेला. उतारावर कोब्लेटने जिवाची बाजी लावली, पण तो पडला. बोर्मिओला कोप्पी पहिला आला तेव्हा कोब्लेट साडेतीन मिनिटांनी मागे होता. दुसऱ्या दिवशी मिलानमध्ये कोप्पीने अवघ्या १ मिनिट २९ सेकंदांच्या फरकाने आपली पाचवी जिरो जिंकली.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की मुंबई-पुणे शर्यत आठवते. एका दिवसाची, बोरघाटात रंगणारी. युरोपातील जिरो आणि ‘टूर द फ्रान्स’ यांचा हिशेब वेगळा आहे. वीस-एकवीस टप्पे, रोज दीडशे-दोनशे किलोमीटर आणि प्रत्येक दिवसाच्या वेळेची बेरीज. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. त्यामुळे पहिल्या आठवड्यात टप्पे जिंकणारे वेगळे आणि शर्यत जिंकणारे वेगळे असतात. खरा निवाडा लागतो तो तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा शरीरातील साठा संपलेला असतो, झोप पुरी होत नाही आणि नेमके तेव्हाच आल्प्सचे घाट समोर येतात. या तिसऱ्या आठवड्याचा कोप्पीइतका मोठा जाणकार क्वचितच दुसरा झाला असेल.

त्याच्या शरीराकडे पाहून मात्र कोणाला असे वाटले नसते. १५ सप्टेंबर १९१९ रोजी पीडमाँट प्रांतातील कास्तेलानिया या डोंगरावरच्या चिमुकल्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. पाच भावंडांतला तो चौथा. लांबच लांब पाय, पुढे आलेली छाती, अरुंद खांदे आणि काचेसारखी ठिसूळ हाडे. कारकिर्दीत त्याची हाडे इतक्या वेळा मोडली, की त्याची सायकलवरील वर्षे आणि प्लास्टरमधील महिने असा स्वतंत्र हिशेब मांडावा लागेल. जमिनीवर चालताना तो अवघडलेला दिसे. सायकलवर बसला की तेच शरीर एखाद्या यंत्राच्या भागासारखे तिच्याशी जुळून जाई. शाळेत त्याचे मन रमले नाही. किशोरवयातच तो नोव्ही लिगुरे गावातील एका खाटकाच्या दुकानात कामाला लागला आणि सायकलवरून घरोघरी मांस पोहोचवू लागला. व्यापारी जहाजावर कप्तान असलेल्या काकाने पैसे दिले आणि शर्यतीची पहिली खरी सायकल आली.

नोव्ही लिगुरेच्या परिसरातच बियाजिओ काव्हान्ना नावाचा एक अंध मालिशवाला होता. बोटांच्या स्पर्शाने स्नायू चाचपून तो सायकलपटूची पात्रता सांगत असे. हा पोरगा वेगळा आहे, हे त्याच्या बोटांनी ओळखले आणि तो कोप्पीचा गुरू झाला. सराव कसा करावा, काय खावे, कधी झोपावे, या सर्व बाबतींत त्याने कोप्पीला घडवले. त्या काळी शर्यतीच्या सकाळी भरपूर मांस खाऊन निघण्याची रीत होती. कोप्पीने आहार, विश्रांती, सायकलचे वजन आणि संघातील सहकाऱ्यांचा उपयोग यांचा बारकाईने विचार केला, आणि पुढची पिढी त्याच वाटेने गेली.

१९४० साली लेन्यानो संघाने त्याला घेतले ते जिनो बार्तालीचा मदतनीस म्हणून. सायकल शर्यतीत मदतनीसाचे काम म्हणजे नायकासाठी पाणी आणायचे, वारा अडवायचा, प्रसंगी आपले चाक काढून द्यायचे. बार्ताली तेव्हा इटलीचा दैवत होता. १९३८ ची टूर द फ्रान्स त्याने जिंकली होती. परंतु जिरोच्या दुसऱ्याच टप्प्यात एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला, जखमी झाला आणि मागे पडला. पुढे फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात पावसापाण्यात आबेतोनेच्या घाटावर विशीतल्या कोप्पीने एकट्याने आघाडी घेतली आणि गुलाबी जर्सी मिळवली. डोलोमाइट पर्वतांत तो खचला तेव्हा त्याला दटावून पुढे रेटले ते बार्तालीनेच. ९ जून १९४० रोजी कोप्पी जिरोचा विजेता ठरला. इतक्या कमी वयाचा विजेता जिरोला त्यापूर्वी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळालेला नाही. दुसऱ्याच दिवशी मुसोलिनीने इटलीला महायुद्धात लोटले.

एका खेळाडूच्या ऐन उमेदीची पाच वर्षे युद्धाने खाल्ली. तरीही ७ नोव्हेंबर १९४२ रोजी, बॉम्बवर्षावाच्या सावटाखालील मिलानमधील व्हिगोरेल्ली सायकलगृहात त्याने एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापले. आधीच्या विक्रमापेक्षा फक्त ३१ मीटर अधिक. पण हा विक्रम १९५६ पर्यंत टिकला. विक्रम केला म्हणून सैन्याने सूट दिली नाही. १९४३ च्या वसंतात त्याला उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर धाडण्यात आले आणि एप्रिलमध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती सापडला. त्याच महिन्यात, त्याच साम्राज्याचे कैदी म्हणून पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी नगरच्या भुईकोट किल्ल्यात दिवस मोजत होते. युद्धकैदी म्हणून कोप्पीची दोन वर्षे आफ्रिकेतील छावण्यांत गेली. १९४५ मध्ये त्याला इटलीत परत आणले गेले, तेव्हा तो नेपल्सजवळ एका ब्रिटिश अधिकाऱ्याची किरकोळ कामे करत होता. एका सुताराने त्याला सायकल दिली. सुटका झाल्यावर उद्ध्वस्त देशातून तो उत्तरेकडे, घराकडे निघाला तो बराचसा सायकलवरूनच.

१९४६ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत तो दुसऱ्या क्रमांकापेक्षा १४ मिनिटे आधी पोहोचला. मधल्या वेळात आकाशवाणीला संगीत लावावे लागले, असे म्हणतात. त्या वर्षीची जिरो मात्र बार्तालीने ४७ सेकंदांनी जिंकली आणि इथून इटली दोन तटांत वाटली गेली. बार्ताली धर्मनिष्ठ, चर्चचा लाडका, जुन्या ग्रामीण इटलीचा प्रतिनिधी; कोप्पी अबोल, आधुनिक, कारखान्यांच्या उत्तरेचा. राजकीय पक्षांनीही हे दोघे आपापसांत वाटून घेतले. वास्तविक कोप्पीला राजकारणात फारसा रस नव्हता. आणि बार्तालीबद्दल तर जगाला फार उशिरा कळले, की युद्धकाळात सरावाच्या बहाण्याने सायकलच्या नळीतून बनावट कागदपत्रे नेऊन त्याने ज्यूंचे प्राण वाचवण्यास मदत केली होती. २०१३ मध्ये इस्रायलने त्याचा मरणोत्तर गौरव केला. पण चाहत्यांना असल्या बारकाव्यांशी देणेघेणे नसते. दोघांमधील ईर्ष्या इतकी विकोपाला गेली, की १९४८ च्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या नादात दोघांनीही शर्यत सोडून दिली आणि इटलीच्या महासंघाने दोघांवर बंदी घातली.

१९४९ हे कोप्पीचे वर्ष. १० जून रोजी जिरोचा सतरावा टप्पा कुनिओहून पिनेरोलोला निघाला. अंतर २५४ किलोमीटर, म्हणजे साधारण नगरहून मुंबई. पण मध्ये माद्दालेना, व्हार्स, इझोआर, माँजेनेव्र आणि सेस्त्रिएरे असे पाच प्रचंड घाट. त्यांतले रस्ते तेव्हा बरेचसे कच्चे, चिखलाचे. पहिल्याच घाटात कोप्पी निसटला. शेवटची रेषा १९२ किलोमीटर दूर होती. नगरहून पुण्याला जाऊन अर्ध्याहून अधिक वाट परत यावी, एवढे अंतर तो एकटा, वाऱ्याला कोणाचाही आडोसा न घेता चालला. मागून एकटा बार्ताली जिवाच्या आकांताने पाठलाग करत होता. पिनेरोलोला दोघांत ११ मिनिटे ५२ सेकंदांचे अंतर होते आणि बाकीचे त्याच्याही मागे. ‘कोरिएरे देल्ला सेरा’साठी ही शर्यत टिपणाऱ्या कादंबरीकार दिनो बुझ्झातीला या द्वंद्वात अकिलीस आणि हेक्टर आठवले. ती तुलना नंतर इतक्यांनी उसनी घेतली, की तिची धार गेली. पण त्या दिवसापुरती ती चुकीची नव्हती.

त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी टूर द फ्रान्स सुरू झाली. एकाच वर्षी दोन्ही शर्यती जिंकणे तोवर कोणाला साधले नव्हते. तेव्हा संघ देशांचे असत. म्हणून कोप्पी आणि बार्ताली एकाच जर्सीत, आणि दोघांना सांभाळण्याचे काम माजी विजेता आल्फ्रेदो बिंदा याच्याकडे. पाचव्या टप्प्यात सेंट मालोच्या वाटेवर कोप्पी धडकून पडला. सायकल मोडली. त्याच्या मापाची राखीव सायकल घेऊन बिंदाची गाडी मागे बार्तालीजवळ होती. दुसरी सायकल देऊ केली, ती त्याने नाकारली. आपल्याला मुद्दाम डावलले गेले, असा संशय त्याच्या मनात घर करून बसला. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि घरी जातो म्हणू लागला. बिंदाने आणि सहकाऱ्यांनी कसेबसे समजावून त्याला पुन्हा सायकलवर बसवले. त्या दिवशी तो १८ मिनिटांहून अधिक मागे पडला. एकूण पिछाडी जवळपास ३७ मिनिटांची झाली. इतक्या फरकानंतर शर्यत संपली, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु शर्यतीचा उत्तरार्ध शिल्लक होता. १८ जुलैला सोळावा टप्पा कानहून ब्रियांसाँला गेला. व्हार्स आणि इझोआरच्या घाटांत कोप्पी व बार्ताली दोघेच पुढे निघाले. बार्तालीचा तो पस्तिसावा वाढदिवस होता. कोप्पीने रेषेवर त्याला पुढे जाऊ दिले आणि पिवळी जर्सी बार्तालीच्या अंगावर आली. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर पुन्हा दोघे एकत्र होते. पेतित सेंट बर्नार्ड घाटाच्या उतारावर बार्तालीचे चाक पंक्चर झाले. कोप्पी थांबून राहिला. अखेर बिंदाने त्याला पुढे जाण्याचा हुकूम दिला आणि मग तो जो सुटला, तो जवळपास पाच मिनिटांच्या फरकाने आओस्ताला पोहोचला. पिवळी जर्सी आता त्याची होती. उरलीसुरली शंका कोलमार ते नान्सी या १३७ किलोमीटरच्या एकट्याने धावायच्या टप्प्यात मिटली. तेथे त्याने बार्तालीला सात मिनिटांनी मागे टाकले. पॅरिसमध्ये कोप्पी पहिला, बार्ताली दुसरा. फरक १० मिनिटे ५५ सेकंद. सेंट मालोला रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला माणूस एका वर्षात जिरो आणि टूर जिंकणारा पहिला सायकलपटू ठरला होता.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळी उत्तेजक गोळ्यांवर बंदी नव्हती आणि बहुतेक सायकलपटू त्या घेत. आपणही घेतल्या, हे कोप्पीने दूरचित्रवाणीवर उघडपणे कबूल केले होते. आजच्या नियमांची फूटपट्टी त्याला लावणे अन्यायाचे होईल; ही गोष्ट दडवून ठेवणेही तितकेच अप्रामाणिक.

त्याचा धाकटा भाऊ सेर्से हादेखील सायकलपटू होता. गुणवत्तेने बेताचा, स्वभावाने हसरा. १९४९ ची पॅरिस-रुबे शर्यत त्याने संयुक्तपणे जिंकली होती. अबोल फाउस्तोला माणसांत आणणारा तोच. २९ जून १९५१ रोजी तुरिनमध्ये एका शर्यतीच्या अखेरीस ट्रामच्या रुळांत चाक अडकून सेर्से पडला. उठला, शर्यत पुरी केली, हॉटेलवर गेला आणि काही तासांत मेंदूतील रक्तस्रावाने गेला. पाच दिवसांनी टूर सुरू होणार होती. कोप्पी गेला, पण त्याच्या पायांत जीव नव्हता. माँपेलियेच्या उन्हातल्या एका सपाट टप्प्यावर तो अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. सहकारी त्याला मध्ये घेऊन अक्षरशः वाहून नेल्यासारखे घेऊन आले. तरीही शेवटच्या आठवड्यात, ब्रियांसाँच्या टप्प्यात, तो पुन्हा एकटा पहिला आला. एकूण क्रमांक दहावा.

१९५२ मध्ये टूरने प्रथमच घाटमाथ्यावर टप्पे संपवण्याचा प्रयोग केला. आल्प द्युएझ, सेस्त्रिएरे आणि प्यु द दोम. तिन्ही ठिकाणी कोप्पीच जिंकला. शर्यतीतली रंगत टिकावी म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले. दुसरा आलेला स्टान ओकर्स अखेर २८ मिनिटांहून अधिक मागे होता. याच शर्यतीत गालिबिएच्या घाटावर एक छायाचित्र टिपले गेले. कोप्पी आणि बार्ताली मागेपुढे, दोघांच्या हातात एकच पाण्याची बाटली. कोणी कोणाला दिली, यावर इटलीत अजूनही वाद घातला जातो.

आणि मग स्टेल्व्हिओ. त्या दिवशी बर्फाच्या भिंतींजवळ गर्दीत जुलिया ओक्किनी नावाची एक स्त्री उभी होती. कोप्पीच्या एका चाहत्या डॉक्टरची ती पत्नी. कोप्पीलाही घरी पत्नी आणि मुलगी होती. दोघांचे संबंध जगजाहीर झाले ते १९५४ मध्ये. तिच्या पांढऱ्या कोटावरून एका फ्रेंच पत्रकाराने तिला दिलेले ‘श्वेतवस्त्रा’ या अर्थाचे नाव कायमचे चिकटले. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता आणि व्यभिचार हा गुन्हा होता. पोलिसांनी रात्री घरावर छापा घातला. तिला काही दिवस तुरुंगात राहावे लागले. १९५५ मध्ये खटला चालून दोघांना शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. तिला तीन महिने, त्याला दोन. स्त्रीला अधिक, पुरुषाला कमी, यातच त्या काळाचा न्याय दिसतो. (आपल्याकडेही व्यभिचाराचे कलम रद्द व्हायला २०१८ साल उजाडले, हे विसरून चालणार नाही.) त्यांच्या मुलाला बापाचे नाव मिळावे म्हणून त्याचा जन्म ब्युनोस आयर्समध्ये झाला. ज्या गर्दीने कोप्पीला खांद्यावर घेतले होते, तीच रस्त्याच्या कडेने त्याची हुर्यो उडवू लागली.

१९५५ च्या जिरोत, पस्तिशीतला कोप्पी शेवटून दुसऱ्या टप्प्यावर पुन्हा एकदा निसटला. सोबत होता फिओरेंझो माग्नी. टप्पा कोप्पीने जिंकला, शर्यत माग्नीने. फरक १३ सेकंदांचा. त्यानंतरची वर्षे उतरणीची. वयाची चाळिशी आली तरी तो शर्यतींत उतरत राहिला, बहुधा थांबल्यावर काय करायचे हे ठाऊक नसल्याने. काही सहकाऱ्यांना ते पाहवत नसे.

डिसेंबर १९५९ मध्ये अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो या आफ्रिकी देशात एक प्रदर्शनी शर्यत आणि शिकार असा बेत ठरला. कोप्पी आणि त्याचा फ्रेंच मित्र राफाएल जेमिनियानी एकाच खोलीत राहिले. डासांनी दोघांनाही फोडून काढले. मायदेशी परतल्यावर दोघेही तापाने फणफणले. फ्रान्समध्ये जेमिनियानीचे रक्त तपासले गेले, हिवताप असल्याचे निष्पन्न झाले, क्विनाइन दिले गेले आणि शुद्ध हरपलेला तो माणूस वाचला. त्याच्या घरच्यांनी इटलीत निरोप पाठवला, तरी तेथील डॉक्टरांनी आपले निदान बदलले नाही. हिवतापाचा जंतू डासांत वाढतो, हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ मध्येच दाखवले होते. पावसाळ्यानंतर थंडी वाजून ताप भरला की क्विनाइनची गोळी शोधायची, हे त्या काळी आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसालाही ठाऊक होते. तोर्तोनाच्या इस्पितळात २ जानेवारी १९६० रोजी सकाळी पावणेनऊ वाजता फाउस्तो कोप्पीचे निधन झाले. वय अवघे ४० वर्षे. जेमिनियानी २०२४ पर्यंत, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगला.

कास्तेलानियात सेर्सेच्या शेजारीच फाउस्तोला पुरले. अंत्ययात्रेला त्या डोंगरावर इतकी माणसे लोटली, की रस्ते दिसेनासे झाले; त्यांत हुर्यो उडवणारेही असतीलच. २०१९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, गावाचे अधिकृत नाव कास्तेलानिया कोप्पी असे करण्यात आले. १९६५ पासून जिरोच्या मार्गातील सर्वांत उंच ठिकाणाला ‘चिमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचे शिखर, म्हणतात. ते दरवर्षी बदलते. पण ज्या वर्षी शर्यत स्टेल्व्हिओवरून जाते, त्या वर्षी तो मान स्टेल्व्हिओचाच असतो. शर्यत तेथे पोहोचते ती बहुतेकदा तिसऱ्या आठवड्यात, आणि कधी कधी बर्फामुळे पोहोचतही नाही.